वाड्याचं स्वयंपाकघर नवं करताना: आधी ओल, मग ओटा

पत्र: वाईत आमचा शंभरी ओलांडलेला दुमजली वाडा आहे. नोकऱ्या संपल्या, आता मी, यजमान आणि 78 वर्षांच्या सासूबाई कायमच्या तिथे राहायला येतोय. स्वयंपाकघर तळमजल्यावर, परसाच्या बाजूला आहे. 12 बाय 10 फूट, कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छतापर्यंत, उंची 9 फूट. परसाकडची भिंत दोन फूट जाड, आतबाहेर विटा आणि मधे पांढरी माती. खूप वर्षांपूर्वी आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट केला होता, तो आता फुगून पडतोय. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात बंद चूल आणि तिचं धुराडं. दोन सागवानी फडताळं, जमिनीत उखळ, शेजारच्या माजघराखाली तळघर. कंत्राटदार म्हणतो, माजघराची भिंत पाडू, वॉटरप्रूफिंग करून व्हिट्रिफाइड टाइल्स लावू, वर मॉड्युलर कपाटं टांगू आणि कडीपाट झाकायला पीओपीचं छत करू. आम्हाला गणपतीच्या आत काम संपवायचंय. करावं का?

उत्तर:

नमस्कार ताई,

या चारही गोष्टी तूर्त थांबवा. सिमेंट काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये याच कामांनी बहुधा काही बिघडणार नाही. तुमच्या भिंतीत मात्र माती आणि चुना आहे. ही भिंत जमिनीतली थोडी ओल कायम वर ओढते आणि हवेत सोडते. सोडायची वाट बंद केली की ओल आत साठते, वर चढते आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येते. तुमचा गिलावा फुगला तो याच कारणाने. टाइल्स लावल्या तर आज चार फुटांवर असलेला ओलीचा पट्टा उद्या सहा फुटांवर दिसेल, आणि पुढे तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजायला लागतील. दुसरं म्हणजे, ही भिंत वरून येणारा भार घेते, पण अंगावर टांगलेलं ओझं तिला पेलत नाही. म्हणून नवं स्वयंपाकघर जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभं राहील, भिंतीपासून दोन बोटं सुटं राहील आणि कधीही उकलता येईल, असं करायचं. बाकीचे सगळे निर्णय यातून आपोआप निघतात.

कागदाचं काम आधी उरका. नगरपरिषदेत जाऊन वाडा वारसा यादीत आहे का, दुरुस्तीची परवानगी लागते का, हे लेखी विचारा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून पहिले 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. भिंत भाऊबंदांशी सामाईक असेल तर त्यांची सहीही आत्ताच घ्या.

आता ओलीचा माग काढा, कारण तिचं मूळ बंद न करता केलेलं कुठलंही काम टिकत नाही. परसातली जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का, ते पाहा. जुन्या गावठाणात रस्ता आणि अंगण वरचेवर भरत जातं, जोतं जमिनीत गाडलं जातं आणि पावसाचं पाणी थेट विटांना भिडतं. तसं असेल तर भिंतीलगतची माती खणून बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या निदान सहा इंच खाली न्या आणि उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला द्या. भिंतीला लागून सिमेंटचा कोबा मात्र करू नका, खडी अंथरा. वळचणीची पन्हळ फुटली असेल किंवा पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील तर ते दुरुस्त करा. मोरीची परीक्षा सोपी आहे. तोंडाला बोळा घट्ट बसवून दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खूण उघडी पडली असेल तर मोरी झिरपते आहे. बोळ्यातून पाणी गेलं नाही ना, एवढी खात्री करून घ्या.

ओल भिंतीतून येते की स्वयंपाकाच्या वाफेची आहे, अशी शंका असेल तर दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि तीन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेची.

सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीनेच काढा, हळूहळू. ब्रेकर लावलात तर मधली माती हादरून खाली बसते आणि विटांची बाहेरची कातडी सुटते. ओलीच्या पट्ट्याच्या वर आणखी फूटभर काढा. विटांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुललेला दिसेल. तो कोरड्या ब्रशने झाडायचा आणि खाली पडलेली भुकटी गोळा करून घराबाहेर टाकायची. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा भिंतीत जिरतात. विटांमधले भुसभुशीत झालेले सांधे पाऊण-एक इंच खोल खरवडून ठेवा. भिंत वाळायला वेळ लागतो. विटांच्या कामात महिन्याला सुमारे एक इंच जाडी सुकते, असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे तुमची दोन फुटांची भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण कोरडी होणार नाही.

म्हणूनच गणपतीची मुदत सोडा. खुदाई, पन्हळ, मोरी आणि गिलावा काढणं हे उन्हाळ्यात करा. पावसाळाभर भिंत उघडी ठेवून तिच्याकडे लक्ष द्या. श्रावणातही ओलीची रेषा वर सरकली नाही तर निचऱ्याचं काम नीट झालं असं समजा. सरकली तर चूक सापडवायची संधी आहे, कारण अजून वर काहीच चढवलेलं नाही. चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर करा, ओटा आणि मांडणी संक्रांतीनंतर. तोवर ओसरीच्या टोकाला टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि पाण्याचं पिंप एवढ्यावर तात्पुरतं स्वयंपाकघर चालतं. सिलिंडर तिथेही आडवा ठेवायचा नाही.

गिलाव्यासाठी चुनकळी विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना घ्या. बाजारातल्या पोत्यातली चुन्याची पावडर किती जुनी आहे ते कळत नाही आणि हवा लागलेला चुना धरत नाही. पहिल्या थराला एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली जाड-बारीक मिश्र वाळू. ओटा आणि मोरीमागच्या पट्ट्यात एक भाग चुना, एक भाग सुरकी आणि दोन भाग वाळू घ्या. चांगल्या भाजलेल्या विटांच्या या भुकटीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. भिंत आदल्या दिवशी आणि सकाळी भिजवायची. एका थराची जाडी 10 ते 12 मिलिमीटरच्या वर नको. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि तडकतो. पहिला थर नखाने ओरखडा उठेल इतपत घट्ट झाला की दुसरा चढवा, शेवटी दोन-तीन मिलिमीटरचा बारीक हात. दोन आठवडे ओलं गोणपाट लावून ठेवा. गवंडी ‘लवकर धरायला’ मूठभर सिमेंट घालायचं म्हणेल, घालू देऊ नका. रंग चुन्याचाच द्या. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावला की केलेलं सगळं वाया जातं.

जमिनीत शहाबादी फरशी असेल तर तीच उचलून पुन्हा बसवा. खडूने प्रत्येक लादीवर क्रमांक घाला, फोटो काढा, मग उचला. खाली सिमेंट काँक्रीट ओतू नका. जमिनीतली ओल त्या काँक्रीटखाली अडते आणि कडेने सरकून भिंतीत चढते. खडीचा थर, वर चुना-वाळूचा बिछाना, त्यावर लादी, सांधे चुन्याने भरलेले आणि मोरीकडे हलका उतार. शहाबादीवर लिंबू, चिंच किंवा ॲसिडची बाटली सांडली की डाग कायमचा राहतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

इथे एक गोष्ट अगदी जवळून पाहा. खांबाच्या पायाशी दगडी तळखडा असतो. लाकूड जमिनीला टेकू नये, फरशी धुतलेलं पाणी त्याच्या तळाला लागू नये, यासाठीच तो असतो. दर पिढीत जुन्या फरशीवर नवी फरशी चढत जाते आणि तळखडा बुडतो. मग खांबाचा खालचा चार-सहा इंच भाग काळा पडतो, पेचकस टोचला की भोकं पडत जातात, आणि वाळवी नेमकी तिथूनच वर निघते. म्हणून नवी फरशी तळखड्याच्या वरच्या कडेच्या निदान दोन इंच खालीच संपली पाहिजे. आधीच बुडलेला असेल तर खांबाभोवती फरशी कापून तळखडा मोकळा करा. पेचकस जोर न लावता सेंटिमीटरभर आत गेला तर तो भाग कुजलेला समजा आणि पुढचं काम करण्याआधी जुन्या लाकडी कामाचा अनुभव असलेल्या सुताराला दाखवा. हीच चाचणी परसाच्या भिंतीत शिरणाऱ्या तुळयांच्या टोकांना करा. मधे थोडी वाकलेली जुनी तुळई बहुतेक वेळा तशीच वर्षानुवर्षं उभी असते. धोका भिंतीत दडलेल्या टोकाला असतो.

माजघराची भिंत पाडू नका. वाड्यात पुष्कळदा खांब भिंतीच्या पोटात असतात आणि त्यांना आडवा आधार त्या भिंतीचाच असतो. ती गेली की वरच्या मजल्याची चौकट एका अंगाला झुकू शकते, आणि हे लगेच न दिसता पावसाळ्यात दिसतं. मोकळं वाटावं एवढाच हेतू असेल तर दाराची फळी काढून माळ्यावर नीट ठेवा. एवढ्यानेही उजेड आणि ये-जा दोन्ही वाढतं. त्याहून जास्त हवं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन पाहिल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.

आता मांडणी. सिंक मोरीच्या कोपऱ्यात आणि शेगडी जुन्या चुलीच्या जागी, हे तुमच्या घराने ठरवूनच दिलंय. दोन्हींच्या मधे निदान तीन फूट मोकळा ओटा ठेवा. चिरणं, मळणं, उतरवून ठेवणं सगळं तिथेच होतं. फ्रिज सिंकच्या पलीकडे, माजघराच्या भिंतीला, मागे चार इंच जागा सोडून. सांडपाण्याच्या पाइपाला मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्या, सिंकखाली दोन इंच पाणी धरणारा ट्रॅप बसवा आणि बाहेर परसात झाकण उघडता येईल असं चेंबर करा. तेलकट खरकटं तिथेच अडतं आणि काढता येतं. नळाचे पाइप भिंतीत खाचा पाडून गाडू नका. ते ओट्याच्या चौकटीला क्लॅम्पने धरून उघडे न्या, म्हणजे गळती त्याच दिवशी दिसेल. गाडलेल्या पाइपातली गळती मातीच्या भिंतीत वर्षभर कळत नाही.

ओट्यासाठी 40 बाय 40 मिलिमीटरच्या लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट करा, गंजरोधक प्रायमर आणि दोन हात रंग देऊन. प्रत्येक पायाखाली चार इंच चौरस पत्रा. वर 20 मिलिमीटरचा ग्रॅनाइट. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 54 किलो, म्हणजे आठ फूट लांब आणि दोन फूट खोल ओट्याची नुसती फरशीच 80 किलो भरते. हे ओझं जमिनीने घ्यावं, भिंतीने नव्हे. मागे दोन सेंटिमीटर फट सोडा. ओट्याच्या पाठीशी दीड-दोन फूट उंचीचा स्टीलचा पत्रा किंवा कडप्पा चौकटीलाच बोल्टने बसवा, तो भिंतीला चिकटवू नका. फोडणीचे शिंतोडे त्यावर पडतील आणि मागून हवा फिरत राहील. फटीच्या वरच्या तोंडाला काढता येणारी पट्टी ठेवा, नाहीतर झुरळं होतात.

ओट्याची उंची कॅटलॉगवरून घेऊ नका. चपला घालून उभ्या राहा, कोपर दुमडा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याचा माथा हवा. बहुतेक बायकांना ती 32 ते 34 इंच येते. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तेवढ्या भागात ओटा तीन-चार इंच खाली घ्या, नाहीतर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदे भरून येतात. सासूबाईंसाठी खिडकीजवळ दीड फूट उंचीची पाठ असलेली बैठक आणि तिच्यासमोर 27-28 इंचांची फळी करा. भाजी निवडणं, चिरणं, ताक घुसळणं बसून होईल. बैठकीशेजारी उठताना धरायला दांडा हवा, तोही जमिनीत रोवलेला.

मॉड्युलर कपाटं टांगायचा विचार सोडा. फास्टनर आवळला की तो फुगून विटेला पकडतो. मागे माती असेल तर पकड मिळत नाही आणि वीटच सैल होते. भरलेलं तीन फुटांचं कपाट 50-60 किलोंना सहज जातं. त्याऐवजी जमिनीवर उभी सहा-साडेसहा फुटांची मांडणी करा, पाय सहा इंच उंच ठेवा. खालून झाडता येतं आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते. लाकडी भागाला 710 मानकाचा उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय, सिंकखाली तर स्टीलच. आणि तुमची दोन फडताळं ही आयती कपाटं आहेत. आत कडप्प्याचे कप्पे बसवा, बिजागऱ्यांना तेल द्या, रोजचे डबे तिथे ठेवा. उखळ बुजवू नका. फरशीच्या पातळीत कडप्प्याचं झाकण बसवा, त्याला उचलायला खाच ठेवा.

धुराड्याचा उपयोग आहे, पण शेगडीवरच्या विजेच्या चिमणीची तेलकट हवा थेट त्यात सोडू नका. आतून साफ करून घ्या, मग सहा इंची स्टीलचा पाइप त्यातून वर काढा, टोकाला टोपी आणि जाळी. दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. तुमच्या खोलीचं आकारमान सुमारे 30 घनमीटर आहे; तासाला दहा-बारा वेळा हवा बदलायची म्हटलं तर 300 ते 360 घनमीटरची ओढ पुरते. दुकानात हजाराच्या पुढचे आकडे सांगतील. फोडणीच्या वेळी थोडी जास्त ओढ बरी, पण आकड्यापेक्षा पाइप आखूड आणि सरळ असणं महत्त्वाचं. चिमणी शेगडीपासून 65 ते 75 सेंटिमीटर उंच हवी. तिचं वजनही ओट्याच्या चौकटीतून वर काढलेल्या दोन खांबांवर द्या.

गॅसबद्दल सर्वांत गंभीरपणे सांगतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो आणि खालच्या पोकळीत जाऊन साठतो. तुमच्या माजघराखाली तळघर आहे. त्याची झरोक्याची जाळी किंवा फळीची फट स्वयंपाकघराच्या जवळ असेल तर ती आधी पक्की बंद करा, आणि तळघराला बाहेरच्या बाजूने वेगळी हवा येऊ द्या. सिलिंडर उभा, फरशीवर, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. त्या कप्प्याला दार असेल तर खाली आणि वर भोकं हवीत, आणि परसाच्या भिंतीत अगदी जमिनीलगत चार इंच चौरस जाळीदार झरोका हवा. आयएसआय शिक्क्याची नळी, लांबी दीड मीटरपर्यंत, मधे जोड नाही, भिंतीतून पलीकडे नेलेली नाही, आणि दर पाच वर्षांनी बदललेली.

वीज पूर्ण नव्याने करा. फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन धरलं तर चार-पाच किलोवॉटची मागणी होते. जुन्या जोडणीचा मंजूर भार त्याहून कमी असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा महावितरणकडे वाढवून मागा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, 16 अँपिअरच्या प्लगला अडीचची, इंडक्शनला स्वतंत्र चारची. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग यात तडजोड नको. तारा लोखंडी पाइपात घाला आणि ते पाइप भिंतीवरून उघडे न्या. कडीपाटाच्या वर, फळ्यांमधून तार नेऊ नका. तिथे उंदीर आवरण कुरतडतात आणि लगत वाळलेलं लाकूड असतं.

पीओपीचं छत तर नकोच. वरची गळती, वाळवी, कुजलेलं टोक सगळं त्याच्या आड जातं. काजळी धरलेला कडीपाट आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू नका. चुलीच्या धुराने लाकूड कोरडं राहत होतं आणि किडीलाही आळा बसत होता. चूल बंद झाल्यावर ते संरक्षण गेलं, म्हणून वाळवीप्रतिबंधक औषध मारून घ्या. पूर्ण वाळल्यावर उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान मिसळून पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्या. हे काम करताना शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. परसात दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, आणि संध्याकाळी कामगार निघायच्या आधी ती बादली स्वतः पाहा.